बापाचं मागणं

राजारामपुरीशी माझी ओळख दुधाची. १९७४ साली मी चौदा वर्षांचा होतो. पहाटे आईनं धारा काढायच्या आणि मी सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन अडकवून कोल्हापूर गाठायचं. आमचं गाव पंचगंगेच्या काठाला, शहरापासून सात-आठ मैलांवर. उजाडायला राजारामपुरीत पोचलो तर ठीक, नाहीतर दारोदार बोलणी. त्या वस्तीच्या गल्ल्यांना नंबर आहेत, खेडवळ पोराला ते फार सोयीचं. अमक्या गल्लीत दीड लिटर, तमक्या गल्लीत अर्धा, असा सगळा रतीब मला पाढ्यासारखा पाठ होता.

त्यातल्या एका घरात एक निवृत्त मास्तर राहायचे. दूध मापून होईपर्यंत ते दारात उभं राहून काहीतरी विचारायचे. कितवीत आहेस, कुठला धडा चाललाय. एकदा मी खांडेकरांच्या धड्याचं नाव घेतलं. मास्तर म्हणाले, "अरे, ते इथंच राहतात. आपल्या राजारामपुरीत." मला खरंच वाटेना. पुस्तकात ज्यांचा धडा असतो ती माणसं कधीच मरून गेलेली असतात, अशी माझी समजूत. मास्तर हसले. मग त्यांनी सांगितलं की वि. स. खांडेकर १८९८ साली सांगलीत जन्मले, कोकणात शिरोड्यासारख्या खेड्यात अठरा वर्षं त्यांनी मास्तरकी केली, १९३८ साली सिनेमाच्या लिखाणासाठी ते कोल्हापूरला आले आणि इथलेच झाले. शेवटची काही वर्षं त्यांची नजर गेली होती. लिहायचं ते सांगायचे आणि दुसरं कोणीतरी उतरून घ्यायचं.

१९७६ च्या सप्टेंबरात खांडेकर गेले. त्या सकाळी मास्तरांनी पातेलं पुढं केलं, दूध घेतलं आणि एक शब्द न बोलता आत गेले. लेखक गेल्यावर घरातलं माणूस गेल्यासारखं कुणाला होतं, हे मी पहिल्यांदा बघितलं.

पुढच्या साली मी दहावी पास झालो. पेढे द्यायला गेलो तर मास्तरांनी एक पुस्तक हातात ठेवलं. 'ययाति'. म्हणाले, "१९५९ चं पुस्तक आहे हे. खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीला पहिल्यांदा. आत्ता वाच. मग तिशीत वाच. आणि माझ्याएवढा झालास की परत वाच." मी मान डोलावली. पुस्तक तीनदा वाचायचं म्हणजे काय, हे तेव्हा कळलं नाही.

हे सगळं आत्ता सांगण्याचं कारण असं की गावात आणि शहरात सुद्धा मला लोक विचारतात, "तात्या, तुम्ही एवढं वाचता, मग मनाला शांती मिळाली का?" सप्ताहात ज्ञानेश्वरीच्या पारायणाला बसणारे विचारतात, कॉलेजची पोरं विचारतात. शांती ही जणू पुस्तकात दाबून ठेवलेली वस्तू आहे, पान उघडलं की सांडते. माझा अनुभव तसा नाही. माझ्या बाबतीत एकाच पुस्तकानं पहिल्यांदा करमणूक केली, दुसऱ्यांदा फसवलं आणि तिसऱ्यांदा धरलं. शांती आली ती त्यानंतर, आणि पुस्तक मिटून एक काम करावं लागलं तेव्हा.

ययातीची गोष्ट बहुतेकांना माहीत असते. तरी थोडक्यात सांगतो. ययाति हा राजा. शुक्राचार्यांची मुलगी देवयानी ही त्याची राणी. शर्मिष्ठेशी त्याचं लपून जमतं, ते कळल्यावर शुक्राचार्य त्याला शाप देतात, आणि भर उमेदीत त्याला म्हातारपण येतं. शापाला उतारा एकच. कुणी आपलं तारुण्य राजी होऊन दिलं तर ते घेता येईल. महाभारतात ययाति आपल्या पाच मुलांना विचारतो. यदु, तुर्वसू, द्रुह्यू आणि अनु ही चौघं नाही म्हणतात. धाकटा पुरू हो म्हणतो. बापाचं म्हातारपण तो घेतो आणि बाप त्याचं तरुणपण.

सतराव्या वर्षी मी हे वाचलं तेव्हा मला त्यातलं काय आवडलं असेल, ते सांगायची गरज नाही. राजवाडा, राण्या, प्रेम. म्हातारपणाची पानं मी भराभर उलटली. सतरा वर्षांच्या पोराला म्हातारपण म्हणजे दुसऱ्या कुणाला होणारा रोग वाटतो.

आणि गंमत बघा, नेमक्या त्याच महिन्यात माझ्या घरात तीच गोष्ट घडत होती. मला आय.टी.आय.ला जायचं होतं. फिटर व्हायचं होतं. राजारामपुरीला लागून उद्यमनगर. रतीब घालून परत येताना मी तिथल्या वर्कशॉपांच्या दारात सायकल थांबवायचो. लेथवर लोखंडाचा कीस निघताना बघत राहायचो. ऑइलच्या वासानं माझं मन भरून यायचं. फॉर्म आणला, भरला. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तो बघितला. ते ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "तू गेलास तर रानाकडं कोण बघायचं? माझी कंबर आता धरत न्हाई." एवढंच. मी फॉर्म घडी घालून ठेवून दिला. दादा तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते. आज मी हिशेब करतो तेव्हा कळतं की पंचेचाळीस म्हणजे काही म्हातारपण नव्हे.

दुसऱ्यांदा 'ययाति' वाचलं ते मास्तरांनी सांगितल्याप्रमाणं तिशीत. रात्रीची लाईट होती, उसाला पाणी सोडून मी मोटारीच्या खोपीत बसलो होतो. या वेळी राण्यांकडं लक्ष गेलं नाही. मी पुरूला धरून बसलो. बापासाठी सगळं देणारा, सगळ्यात धाकटा आणि सगळ्यात मोठा. महाभारतात तर त्याला त्याचं बक्षीसही मिळतं. थोरले चौघं बाजूला राहतात आणि राज्य पुरूला जातं. मला वाटलं, हे माझंच आहे. माझ्या आयुष्याला अर्थ आहे. मी फिटर झालो नाही, पण मी पुरू आहे.

तुम्हाला सांगतो, त्या विचारानं मला फार शांत वाटलं. आणि त्या शांतीवर मी पंचवीस-तीस वर्षं जगलो. आता वाटतं, ती शांती नव्हती. तो अहंकार होता, फक्त त्यानं शांतीचे कपडे घातले होते. मी त्याग केला म्हणून मी मोठा, आणि मी मोठा म्हणून घरात माझा शब्द शेवटचा. दादा शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा मी त्यांचं सगळं केलं. पण जवळ बसून कधी दोन शब्द बोललो नाही. माझी एक येणेबाकी होती त्यांच्याकडं आणि मी ती विसरायला तयार नव्हतो. ते गेले. बाकी तशीच राहिली.

ग्रंथ वाचून माणूस शहाणा होतो असं म्हणतात. ते अर्धंच खरं. ग्रंथात आपल्याला आधीच हवं असतं ते शोधायची सोय भरपूर असते. मी तिशीत तेच केलं होतं.

मग आला २०१९ चा ऑगस्ट. कोल्हापूरकरांना त्याबद्दल सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फुटांची आहे. त्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमच्या घरात छातीएवढं पाणी. रात्रीतून जनावरं सोडून उंचावर नेली आणि आम्ही दोघं लेकीकडं आलो. लेक दिली होती राजारामपुरीत. ज्या गल्लीत मी दुधाची घंटी वाजवायचो, तिथून चार गल्ल्या अलीकडं.

निघताना आमच्या मंडळींनी ट्रंकेतलं असेल ते एका पिशवीत कोंबलं होतं. सातबाराचे उतारे, पासबुकं, रेशनकार्ड, तिची दोन मण्यांची पोत. लेकीकडं पोचल्यावर पिशवी उघडली तर कागदांच्या खाली 'ययाति' निघालं. ट्रंकेत कागदांच्या तळाशी असायचं ते, म्हणून सातबाऱ्याबरोबर तेही वाचलं. मास्तरांनी पहिल्या पानावर लिहिलेली तारीख तेवढी ओलीनं पसरली होती.

राजारामपुरी उंचावर, तिथं पाणी आलं नाही. पण शहरात नळाला पाणी नव्हतं, महामार्ग शिरोलीजवळ बुडालेला, येणं-जाणं बंद. हातात काही काम नाही. जन्मात पहिल्यांदा मला पंधरा दिवस काही काम नव्हतं. आणि डोक्यात सतत रान. ऊस आठवडाभर पाण्याखाली म्हणजे शेंड्यात गाळ बसणार, शेंडा कुजणार, कांड्याला पांगशा फुटणार. वर्षाचं पीक गेलं. साठीला आलेला माणूस मी. पुन्हा रान नीट करायचं, सऱ्या सोडायच्या, लावण करायची, हे कुणाच्या जिवावर?

रस्ता मोकळा झाल्यावर पोरगा आला चाकणहून. तो तिथं एका कंपनीत मशिनरीच्या दुरुस्तीचं काम बघतो. डिप्लोमा केलाय त्यानं. म्हणजे मी जे व्हायला बघत होतो, त्याच्याही पुढं दोन पावलं तो गेला. सून तिथंच एका शाळेत शिकवते, नातू तेव्हा पहिलीत. आम्ही दोघं गावाकडं जाऊन घर बघून आलो, रान बघितलं. चिखलात उभं राहून मी त्याला म्हणालो, "आता नोकरी पुरे. घराकडं ये. माझी कंबर आता धरत न्हाई."

बोललो आणि बोलल्यावर कानाला ते शब्द ओळखीचे वाटले. कुठले ते तेव्हा लक्षात आलं नाही. पोरगा खाली बघत बूट पुसत होता. म्हणाला, "बघतो, आबा."

आमच्याकडं पोरगा "बघतो" म्हणाला की बाप समजतो, झालं. त्या रात्री मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण झोप येईना. उठलो, लेकीच्या बाहेरच्या खोलीतला दिवा लावला आणि पुस्तक उघडलं. तिसऱ्यांदा.

या वेळी मी पुरूला शोधायला गेलो आणि मला तो सापडेना. म्हणजे तो आहे गोष्टीत, पण बोलत नाही. खांडेकरांनी ही कादंबरी तिघांच्या तोंडून सांगितली आहे. कधी ययाति आपलं सांगतो, कधी देवयानी, कधी शर्मिष्ठा. तिघंही स्वतःविषयी भरभरून बोलतात. पुरूला स्वतःचं असं प्रकरण नाही. ज्याचं सगळ्यात जास्त गेलं, त्याच्या मनात काय चाललं होतं हे त्याच्या तोंडून आपल्याला कळतच नाही. तिशीत मी त्या मोकळ्या जागेत स्वतःला बसवून टाकलं होतं, म्हणून ती मोकळी आहे हे मला दिसलं नव्हतं. साठीत ती जागा रिकामी दिसली, आणि तिथं माझा पोरगा खाली बघून बूट पुसत बसलेला दिसला.

मग मला कळलं की मी आता पुरू नाही. कधीतरी होतो. आता मी ययाति आहे.

हे मानायला जड गेलं. मी काही राजा नाही, आणि कुठल्या शर्मिष्ठेच्या मागंही लागलो नाही. तीन एकराचा धनी. पण तहान ही बाईचीच असते असं थोडंच आहे? आम्हा शेतकऱ्यांची तहान जमिनीची. मी मरेपर्यंत माझं रान हिरवं दिसलं पाहिजे, बांधावरून जाणाऱ्यानं माझं नाव घेऊन विचारलं पाहिजे की औंदा उतार किती पडला. मला पोटाला कमी नव्हतं. पोरगा दर महिन्याला पैसे पाठवत होता. मग मी मागत काय होतो? माझी कंबर पुन्हा सरळ व्हावी आणि ती त्याच्या कंबरेनं व्हावी, हेच की.

दुसऱ्या दिवशी लेकीच्या शेजारचे एक गृहस्थ आले, निवृत्त, वाचणारे. मी हे सगळं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तुम्ही 'नटसम्राट' विसरताय. बेलवलकरांनी सगळं पोरांना दिलं आणि रस्त्यावर आले. हातचं सोडू नका." खरं आहे. कुसुमाग्रजांचं ते नाटक १९७० साली आलं, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातला प्रत्येक बाप जमीन नावावर करताना दोनदा थांबतो. आमच्या पारावर सुद्धा नाटक न बघितलेले लोक त्याचा दाखला देतात.

मी दोन दिवस त्या विचारात होतो. एक मोठं पुस्तक म्हणतं, धरून ठेवू नको. दुसरं म्हणतं, सोडून देऊ नको. मग शांती मिळायची कुठून? दोन मोठे लेखक दोन दिशांना हात दाखवतायत, आणि मी चौकात उभा.

शेवटी मला जे दिसलं ते असं. बेलवलकरांनी दिलं ते घर आणि पैसा. ते त्यांचं होतं. ते द्यायचं की ठेवायचं, ते त्यांनी ठरवायचं होतं, आणि ठेवलं असतं तरी कुणी त्यांना बोल लावला नसता. ययातीनं घेतलं ते त्याचं नव्हतंच, पोराचं होतं. आणि पैसा, जमीन ही परत मिळवता येते. गेलेली दहा वर्षं कोण परत देणार? म्हणजे दोन्ही पुस्तकांचा तसा झगडा नाही. आपलं आहे ते जपावं, यात पाप नाही. दुसऱ्याचं आयुष्य आपल्या नावावर चढवू नये.

तुकोबांची एक गोष्ट सप्ताहात कीर्तनकार नेहमी सांगतात. दुष्काळात घर उद्ध्वस्त झाल्यावर तुकोबांनी लोकांकडून येणं असलेल्या कर्जाचे कागद इंद्रायणीत बुडवले. लोक टाळ्या वाजवतात. पण परंपरेत त्याच्या आधीचा एक भाग आहे, तो घाईत राहून जातो. धाकटा भाऊ कान्होबा म्हणाला, मला संसार चालवायचा आहे. तेव्हा तुकोबांनी कागदांचे दोन वाटे केले, कान्होबाचा वाटा त्याला दिला आणि आपला तेवढा बुडवला. त्याग करायचा तर आपल्या वाट्याचा करता येतो. भावाच्या वाट्याचा त्याग तुकोबांनी सुद्धा केला नाही. आणि मी पोराच्या वाट्याचा करायला निघालो होतो.

आणखी एक गोष्ट त्या रात्री सुचली, ती सांगतो. नाही म्हणणाऱ्या चौघांना आपण नालायक समजतो. ययातीनं त्यांना शाप दिले. पण त्यातला थोरला यदु. त्याचा वंश तो यादवांचा. त्याच वंशात श्रीकृष्ण जन्मला. आमच्या वारकऱ्यांचा पांडुरंग म्हणजे तोच. देवगिरीचे यादवही स्वतःला त्याच कुळातले म्हणवायचे, आणि त्यांच्यातल्या रामदेवरायाच्या काळात, १२९० साली, नेवाशात ज्ञानेश्वरी पुरी झाली. म्हणजे ज्या पोरानं बापाला तोंडावर नाही म्हटलं, त्याच्या कुळात देव आला. साठ वर्षं मी विठ्ठलापुढं डोकं ठेवत आलो आणि हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. बापाला नाही म्हणणं हे दरवेळी पाप नसतं, असं आपल्या जुन्या लोकांनी गोष्टीतच सांगून ठेवलंय.

आणि ज्ञानेश्वरीच्या शेवटीही मागणंच आहे. पसायदान म्हणजे प्रसादाचं मागणं. आम्ही पारायणाला ते ओळीनं म्हणतो, डोळे मिटून. विशीही न गाठलेल्या त्या माउलीनं शेवटी देवाकडं काय मागितलं? सगळ्यांसाठी मागितलं. स्वतःसाठी त्यात काही नाही. मागणं वाईट नाही, ते कुणासाठी आहे यावर सगळं आहे. हे मी किती वर्षं तोंडानं म्हणत होतो.

पोरगा चाकणला परत जायच्या आदल्या रात्री मी त्याला गच्चीवर नेलं. म्हणालो, "मी रानात बोललो ते सोडून दे. मी मागितलेलं परत घेतो. तू नोकरी सोडू नको."

मला वाटलं, तो पाया पडेल. नाहीतर निदान बरं वाटेल त्याला. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आबा, मागताना तुम्ही मला विचारलं नाही. आता परत देताना पण विचारलं नाही. दोन्ही वेळेला तुम्हीच ठरवलंत."

मी कठड्याला धरून उभा राहिलो. खरं सांगतो, राग आला. एवढी पानं वाचली, एवढा विचार केला, स्वतःला ययाति म्हणवून घेतलं, आणि हे पोरगं मला शिकवतंय. पण खोटं काही तो बोलत नव्हता. मी वाईट बाप होतो तेव्हाही बोलणारा मीच आणि चांगला बाप झालो तेव्हाही बोलणारा मीच. पुरूला अजून प्रकरण मिळालंच नव्हतं.

मग मी खाली बसलो आणि म्हणालो, "बरं. तू सांग."

तो जवळजवळ तासभर बोलला. एवढा तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. त्याला काम आवडतं. पण चाकण आवडत नाही. पुढंमागं यायचं त्याच्या मनात आहे, पण पोराची शाळा, सुनेची नोकरी हे बघून, आणि आला तर स्वतःच्या बुद्धीनं शेती करायला येईल, माझी कंबर व्हायला नाही. नाहीच आला तर ते मला सोसावं लागेल. रान विकू नका, म्हणाला. दोन एकर चुलतभावाला खंडानं द्या, एक एकर तुम्हाला झेपेल तेवढं करा. आणि शेवटी एक विचारलं, "दादा आजोबांनी तुम्हाला जाऊ दिलं असतं तर?" मी म्हणालो, "मग मी उद्यमनगरात फिटर झालो असतो. आणि तू फिटरचा पोरगा." तो हसला. मीही हसलो. आणि त्या हसण्यात दादांकडची माझी ती जुनी बाकी कुठंतरी गळून गेली. पंचेचाळिशीतला तो माणूस मला पहिल्यांदा घाबरलेला दिसला. त्यालाही कुणी विचारलं नसेल, त्याच्या वेळेला.

त्या रात्री मला गाढ झोप लागली. लोक ज्याला शांती म्हणतात ती हीच असेल तर ती मला मिळाली. पण पुस्तकानं ती दिली असं मी म्हणणार नाही. पुस्तकानं दिवा धरला. बांधावरून चालणं माझं मलाच करावं लागलं, आणि दिव्यानं दाखवलं नव्हतं ते शेवटचं पाऊल पोरानं दाखवलं.

आयुष्याचा अर्थ काय, असंही विचारतात. तिशीत मी म्हणालो असतो, त्याग. आता एवढंच म्हणतो की आपलं कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं, हा बांध नीट ओळखता आला तरी माणसाचा जन्म कारणी लागतो. बांध कोरणारा शेतकरी गावात कुणाला आवडत नाही. पोराच्या आयुष्याचा बांध कोरणारा बाप मात्र आपल्याला प्रेमळ वाटतो.

चुलतभावाच्या पोराला दोन एकर दिलं. एक एकर मी करतो, त्यात थोडा ऊस, थोडं भुईमुगाचं. बांधावरून जाणारे आता त्या पोराला उतार विचारतात. पहिल्या वर्षी पोटात कालवायचं, आता नाही कालवत. पोरगा अजून चाकणलाच आहे. गणपतीला येतो. कधी कायमचा येईल का, मी विचारत नाही, आणि न विचारणं जमायला लागलंय.

'ययाति' मी सुनेला वाचायला दिलं. गणपतीत आली तेव्हा तिनं परत आणून दिलं आणि म्हणाली, "आबा, मुलगा म्हातारा होऊन बसला तर त्याच्या घरच्यांचं काय? पुरूची बायको असती तर ती काय म्हणाली असती?" मला उत्तर देता येईना. त्या दिवशी चिखलात मी पोराकडं नोकरी मागितली, तेव्हा सुनेची नोकरीही मागितली होती, आणि ते माझ्या मनातही आलं नव्हतं.

कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर आहे, १८५० सालचं. तिथं जाऊन मी वाचणाऱ्या माणसांना सुनेचा हा प्रश्न विचारला. त्यांनी सांगितलं की गिरीश कार्नाडांनी कानडीत याच गोष्टीवर नाटक लिहिलंय, तेही 'ययाति'च. ऑक्सफर्डला शिकायला निघाले होते तेव्हा, बावीस-तेवीस वर्षांचे असताना. पोरगा परत येईल का, या काळजीनं घरचे त्यांना सोडायला तयार नव्हते. त्या पोरानं जे नाटक लिहिलं त्यात पुरूला बायको आहे, चित्रलेखा. ती सासऱ्यापुढं उभी राहून जाब विचारते.

मी ते नाटक मिळवलं आणि वाचायला घेतलंय. चित्रलेखेच्या प्रवेशापर्यंत आलोय. पुढच्या गणपतीला सून आली की आधी तिला विचारणार आहे, तिला यातलं काय पटलं. मग माझं सांगीन.